धावदोरा

आईच्या हातांना कंप सुटायला लागला त्याला दोनेक वर्षं झाली असतील. आधी बशीत कप ठेवताना किणकिण व्हायची. मग सही बिघडली. मग कुलपात किल्ली जाईना. ती काही बोलली नाही आणि मीही बरेच दिवस सगळं वयावर ढकलत राहिले. शेवटी एका डॉक्टरांची वेळ घेतली, व्हिडिओ कॉलवरच. त्या मराठी नव्हत्या. इंग्रजीत बोलत होत्या, पण मऊ आवाजात, सावकाश, मधे मधे थांबून. त्यांनी आईला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, मग बोट नाकाला लावायला, मग कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं काढायला. वेटोळ्याची रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘डज इट रन इन द फॅमिली?’

मी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं. ‘रन’ आणि ‘फॅमिली’ हे दोन्ही शब्द तिच्या चांगल्या ओळखीचे. ती म्हणाली, ‘नाही हो, आमच्यात धावणारं असं कुणीच नाही. मला तर आता चालतानासुद्धा भिंतीचा आधार लागतो.’ हाताची चौकशी संपून पायांची सुरू झाली, असं तिला वाटलं होतं, आणि तिनं अगदी मनापासून, काही सुटू नये अशा बेतानं सांगितलं होतं. मी घाईनं दुरुस्ती केली. ‘तसं नाही गं, हा आजार आपल्या घराण्यात कुणाला होता का, असं विचारतायत.’ आई म्हणाली, ‘आजार? छे. आमच्याकडची सगळी धडधाकट माणसं.’ मी डॉक्टरांना म्हटलं, ‘नो.’ त्यांनी मान खाली घातली. कळांची टकटक ऐकू आली. माझ्या त्या ‘नो’ची नोंद झाली आणि पुढचा प्रश्न आला.

कॉल संपला, औषध आलं, आई झोपली. मला मात्र झोप लागेना.

माझं कामच भाषांतराचं. यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका मी मराठीत आणते. दिवसातून वीस वेळा तरी हा ‘रन’ समोर येतो. मोटर रन होते. पंप कोरडा रन करू नका. वायर भिंतीतून रन करा. प्रोग्रॅम पुन्हा रन करा. दर वेळी मी त्याला निराळा मराठी शब्द देते, चालते, चालवू नका, न्या, सुरू करा, आणि पुढच्या ओळीला लागते. त्यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही, हाताला सवय झाली आहे. आणि इतकी वर्षं हे केल्यावर माझ्याच आईला विचारलेल्या सहा शब्दांच्या प्रश्नापाशी मी अडखळले. चुकीचं भाषांतर केलं असं नव्हे. ‘घराण्यात कुणाला होता का’ हा कोणीही बरोबर ठरवेल असा अनुवाद आहे. तरीही प्रश्न आईपर्यंत पोचला नाही, वाटेत कुठेतरी सांडला, असं सारखं वाटत राहिलं.

त्या रात्री मी शब्दकोश उघडून बसले. ‘रन’ची नोंद वाचायची म्हणजे एखाद्या मोठ्या वाड्यात शिरण्यासारखं आहे. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून माळ्यावर, तिथून भलत्याच अंगणात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली आली तेव्हा सगळ्यांत जास्त अर्थांचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता, त्या क्रियापदाचे 430 अर्थ मोजले गेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ‘रन’ची पाळी आली. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका शब्दावर 9 महिन्यांहून जास्त काळ काम केलं. 2011 साली नोंद पूर्ण झाली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. सायमन विंचेस्टर यांनी त्याच वर्षी याबद्दल लिहिताना यंत्रयुगाकडे बोट दाखवलं होतं. इंजिनं आली, आगगाड्या आल्या, गिरण्या आल्या, शेवटी संगणक आले, आणि यांतलं प्रत्येक यंत्र इंग्रजीत ‘रन’ होऊ लागलं. ‘सेट’ हा ठेवण्याचा, बसवण्याचा, जागेवर लावण्याचा शब्द. त्याला पळणाऱ्यानं मागे टाकलं.

त्या 9 महिन्यांचं मला अजूनही अप्रूप वाटतं. रोज सकाळी टेबलाशी बसायचं आणि समोर तेच तीन अक्षरी क्रियापद. हजारो वाक्यं. हे वाक्य त्या अर्थात बसतं की त्याला नवा अर्थ काढून द्यायचा? नळ रन होतो आणि नदी रन होते, हे एक की दोन? दुकान चालवणं आणि यंत्र चालवणं? असा निवाडा दिवसाला कितीदा करावा लागला असेल. भाषांतर करणाऱ्याला हे त्रास थोडे तरी ठाऊक असतात, फक्त आम्हाला वाक्य संपलं की सुटका मिळते. कोशकाराला मिळत नाही.

त्याच्याही खूप आधी, 1755 साली, सॅम्युएल जॉन्सननं आपला इंग्रजी कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत एक परिच्छेद आहे, तो मी त्या रात्री पुन्हा काढून वाचला. ज्या क्रियापदांनी आपल्याला सर्वांत दमवलं त्यांची नावंच तो देतो. गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, मेक, टेक, आणि त्यांच्यातच रन. सगळी अगदी साधी, लहान मुलं बोलतात ती क्रियापदं. यांचे अर्थ इतके सैल आणि इतके दूरवर गेलेले आहेत, की त्यांचा माग काढता काढता माणूस हरवतो, असं तो म्हणतो. आणि मग म्हणतो की भाषा जिवंत आहे, बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मर्जीनं हलते आहे, तोवर हे शब्द कोशात नेमके पकडणं म्हणजे वादळात हेलकावणाऱ्या झाडीचं चित्र पाण्यातल्या प्रतिबिंबावरून काढण्यासारखं आहे. हे वाचलं आणि आईचं ते वेटोळं डोळ्यांसमोर आलं. कागद अजून टेबलावरच होता. तिनं गोलच काढायला घेतला होता. गोल तिला नीट ठाऊक होता, डोळ्यांना दिसत होता. हात हलत होता, एवढंच.

‘रन’ची आणि माझी पहिली ओळख शाळेतली. कम, गो, सिट, स्टँड, रन. बाई शब्द म्हणायच्या आणि आम्ही जागेवरच ते करून दाखवायचो. ‘रन’ला जागच्या जागी पाय आपटायचे, वर्गभर धूळ उडायची. बरेच दिवस माझ्या लेखी त्या शब्दाचा अर्थ पाय आपटणं असाच होता. मग क्रिकेट आलं. तिथे पहिला गोंधळ झाला, कारण चेंडू सीमेपार गेला की दोन्ही फलंदाज जागेवर उभे राहायचे, बॅटवर रेलून एकमेकांशी बोलायचे, आणि तरी फळ्यावर चार रन लागायचे. कुणी धावलंच नाही तर धावा कशा? हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. पुढे कळलं की फार पूर्वी धावा मोजणारा माणूस काठीवर सुरीनं खाचा पाडायचा आणि रनला ‘नॉच’, म्हणजे खाच, असंच म्हणत. ते मला जास्त पटलं. मराठीनं मात्र ‘धाव’ हा शब्द घेतला आणि त्यातून ‘धावचीत’ असा एक सुंदर शब्द घडवला. धावता धावता चीत. इंग्रजीतल्या ‘रन आऊट’मध्ये ती पडझड ऐकू येत नाही. आणि गंमत म्हणजे तेच दोन शब्द इंग्रजीत इतरत्र आले की त्यांचा अर्थ संपणं. औषध रन आऊट झालं, वेळ रन आऊट झाला. पळता पळता बाहेर निघून गेलं.

शब्दाचं मूळ पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. या शब्दात पाय होते तसं पहिल्यापासून पाणीही होतं. जर्मनमध्ये आजही दोन जुळी क्रियापदं आहेत, ‘रिनेन’ म्हणजे पाण्यानं ओघळणं, झिरपत वाहणं, आणि ‘रेनेन’ म्हणजे पळणं. इंग्रजीत ही दोन्ही एका शब्दात मिसळून गेली. म्हणजे नाक ‘रन’ होतं, डोळ्यांतून पाणी ‘रन’ होतं, शाई ओलाव्यानं ‘रन’ होते, तेव्हा कुणी माणसाची क्रिया उसनी आणून पाण्याला चिकटवलेली नाही. तो शब्द आपल्या जुन्या घरीच आहे. एवढं कळल्यावर कोशातल्या कितीतरी खोल्यांची दारं एकमेकींत उघडली. रस्ता नदीच्या कडेनं रन होतो, भिंतीला तडा रन होतो, मोज्याचा एक धागा तुटला की वरपासून खालपर्यंत रन होतो. यांत पळापळ नाहीच, ओघळ आहे. वरून खाली किंवा इकडून तिकडे जाणारी एक सलग रेघ आहे. घराण्यातून रन होणारा कंपही त्याच जातीचा. पणजोबापासून खाली ओघळत आलेला.

संस्कृतात ‘री’ या धातूचा अर्थ वाहणं असा आहे आणि त्यावरून आलेल्या ‘रीति’चा एक जुना अर्थ प्रवाह. काही व्युत्पत्तिकार ‘रन’चं मूळही याच कुळात नेऊन ठेवतात. तसं असेल तर ‘घराण्याची रीत’ म्हणताना आपणही नकळत तेच म्हणत असतो. पण आज ‘रीत’ शब्दात पाणी कुणाला दिसत नाही. ते केव्हाच आटलं. आईला ‘कंप ही आपल्या घराण्याची रीत आहे का’ असं विचारलं असतं तर तिनं माझ्याच कपाळाला हात लावून पाहिला असता.

मराठीत वस्तू पळत नाहीत. हे मला कामातून फार पूर्वी कळलं होतं, पण त्याचं नवल त्या रात्री वाटलं. इंग्रजीत जे जे पळतं त्यातलं निम्मं मराठीत चालतं. घड्याळ चालतं, पंखा चालतो, कारखाना चालतो, नाटक चालतं, खटला चालतो, घर चालतं. श्वास चालतो. पैशालासुद्धा आपण चलन म्हणतो. इंग्रजीतली करन्सी मात्र लॅटिनमधल्या धावण्याच्या क्रियापदावरून आली आहे, त्याच क्रियापदावरून करंट आला, कर्सर आला, कॉरिडॉर आला, शाळेतला करिक्युलमसुद्धा आला. तिकडे पैसा, वीज आणि अभ्यासक्रम सगळेच धावतायत. आणि आपल्याकडे होकार द्यायचा तर ‘चालेल’. वाईट झालं, इलाज नाही, तरी ‘चालायचंच’. एवढं सगळं एका चालण्यावर निभावतं. धावणं मराठीनं जपून ठेवलं आहे, जीव कासावीस होतो त्या वेळेसाठी. हाकेला धावून येणं, कुणाकडे धाव घेणं, धावाधाव होणं. ज्या शब्दाला काळजाचा ठोका लागलेला आहे तो पंख्याला कसा द्यायचा? म्हणून आईनं ‘रन’ ऐकल्यावर तिला थेट पाय आठवले, आणि दुखणारे गुडघे आठवले, यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

निवडणुकीचं तर फारच बोलकं आहे. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तोच ‘स्टँड’ करतो. भाषा एक आणि एका देशात तो पळतो, दुसऱ्यात उभा राहतो. मराठीत तो उभाच राहतो, आणि त्यानं अर्ज मागे घेतला की आपण म्हणतो, ‘तो बसला.’

रंगाची एक आठवण आहे. मी लहान असताना एकदा आईनं नवा लाल कपडा बाकीच्या कपड्यांबरोबर भिजवला. तासाभरानं बादलीत पाहिलं तर पाणी डाळिंबाच्या रसासारखं झालेलं, आणि तिच्या एका पांढऱ्या साडीवर, पदराच्या बाजूला, गुलाबी ढग उमटलेले. साबणाचा वास, ओल्या सुताचा जडपणा, आणि आई ती साडी दोन्ही हातांनी उंच धरून उजेडात बघते आहे, हे सगळं मला अजून स्वच्छ दिसतं. हात तेव्हा अगदी स्थिर होते. तिनं पुन्हा पुन्हा धुतली, पण ढग फिके झाले, गेले नाहीत. ती एवढंच म्हणाली, ‘लागला गं रंग.’ पुढे इंग्रजीत ‘द कलर रॅन’ हे वाक्य भेटलं तेव्हा मला ती बादली आठवली. इंग्रजीचा डोळा त्या लाल कपड्यावर आहे, रंग तिथून निघाला, पळाला. मराठीचा डोळा पांढऱ्या साडीवर आहे. कुणाला लागला ते महत्त्वाचं. लाल कपड्याबद्दल बोलायचं झालं तरी आपण ‘याचा रंग जातो’ म्हणतो, कुठे जातो ते सांगत नाही. तापाचंही तसंच. इंग्रजीत माणूस ताप ‘रन’ करतो, जणू तो त्याचाच उद्योग आहे. आपल्याकडे ताप माणसात भरतो, चढतो, उतरतो. माणूस नुसता पडून असतो आणि सगळी ये-जा तापाची.

ही उदाहरणं जमवताना मला वाटत होतं की आपण कशाच्या तरी जवळ येतोय. पण पहाट झाली आणि काहीच हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पंपाच्या पुस्तिकेची बारा पानं द्यायची होती. मी ती दिली.

मग दोन-तीन आठवडे गेले. एका दुपारी आईनं उशीचा अभ्रा आणून माझ्यापुढे ठेवला. एका बाजूची शिवण उसवली होती. ‘सुईत दोरा ओवून दे,’ म्हणाली, ‘बाकी मी करते.’ पूर्वी हे काम तिनं मला कधी करू दिलं नसतं. ती दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची, चिमटीत चपटं करायची आणि एका दमात ओवायची, सुईकडे नीट न बघताही. मी ओवून दिला. तिनं गाठ मारायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तीही मी मारली. मग तिनं उजवं मनगट गुडघ्यावर टेकवलं, अभ्र्याची कड डाव्या हातात धरली आणि धावदोरा घालायला लागली.

धावदोरा! इंग्रजीत रनिंग स्टिच. मी बघतच राहिले. दोन्ही भाषांचं एकमत झालेली एक जागा माझ्या डोळ्यांसमोर कापडात उमटत होती आणि त्या रात्री ती मला एकदाही आठवली नव्हती. टीप मागे वळून पुन्हा पुढे येते. काजटाका कडेला वळसा घालतो. धावदोरा वळून बघत नाही. वर, खाली, वर, खाली, दोरा दिसतो, बुडतो, पुन्हा दिसतो. उलट बाजूनं पाहिलं तर जिथे इकडे दोरा होता तिथे मोकळी जागा आणि मोकळ्या जागी दोरा. आईच्या हातचा धावदोरा पूर्वी एका मापाचा असायचा, तांदळाचे दाणे ओळीनं मांडावेत तसा. आता एक टाका लांब, एक आखूड, एक कडेबाहेर निसटलेला. ती घामेजली होती. सुई बोटात धरली की कंप वाढायचा, मांडीवर हात नुसता ठेवला की थांबायचा. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच, हा काम करताना येणारा कंप आहे, पार्किन्सनचा बहुतेक वेळा हात स्वस्थ असताना दिसतो.

चार बोटं शिवून झाल्यावर तिनं अभ्रा माझ्याकडे दिला. ‘तू घाल पुढे.’ मी घालायला लागले. मी सुई पुढे ढकलत होते. तिनं थांबवलं. ‘अशी नाही. सुई एका जागी धर, नुसती वरखाली हलव आणि कापड तिच्यावर चढव. सुईनं कापडात जायचं नसतं, कापडानं सुईवर यायचं असतं.’ करून पाहिलं. खरंच, पाच-सहा टाके एकदम सुईवर चढले, चुणीसारखे गोळा झाले, मग सुई ओढली की दोरा सळसळत आत गेला आणि कापड पुन्हा सपाट झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल सुई धावली. धावलं होतं कापड.

आईनं माझे टाके उजेडात धरून पाहिले. ‘तिरका जातोय तुझा. माझ्या आईवर गेलीस अगदी. तिचाही असाच तिरका जायचा.’

माझ्या आईवर गेलीस. हे मी जन्मभर ऐकलंय. नाकानं बापावर गेला, रागानं आजोबांवर गेला, मुलगी अगदी आत्यावर गेलीय. त्या दुपारी प्रथमच ते वाक्य मला नीट ऐकू आलं. इंग्रजीत गुण किंवा दोष घराण्यातून वाहत खाली येतो, पिढ्या काठासारख्या जागेवर उभ्या असतात आणि काहीतरी त्यांच्यामधून जातं. मराठीतही गुण उतरतो, आजार येतो, असं आपण म्हणतोच. पण घरात, रोजच्या बोलण्यात, मराठीत गुण हलत नाही, माणूस हलतो. माणूस आपल्या मागच्यांवर जातो. जन्मलेलं मूलच चालत जाऊन त्या जुन्या, कदाचित नसलेल्या माणसाला भिडतं. मी आईला आजार विचारला होता. आजाराचा शोध घ्यायला गेलेली ती रिकाम्या हातानं परत आली, कारण तिच्या लेखी तिच्याकडे आजारी कुणी नव्हतंच. मी माणूस विचारायला हवा होता.

मी सुई कापडात तशीच टोचून ठेवली आणि विचारलं, ‘आई, तुझे हात कुणावर गेलेत?’

क्षणभरही न थांबता ती म्हणाली, ‘आत्यावर.’

मग ती सांगत बसली. तिची आत्या मी पाहिलेली नाही. ती भांडं नेहमी दोन्ही हातांनी धरायची. पाहुण्यांसमोर पाणी द्यायला कधी पुढे व्हायची नाही, पेला दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि स्वतः दाराआड उभी राहायची. सगळे तिला भित्री म्हणायचे. तिचा आवाजही बोलताना थोडा हलायचा, त्यामुळे ती रडायच्या बेतात आहे असं वाटायचं, आणि मुलं तिला घाबरवायला मागून ‘भॉ’ करायची. आईनंही केलं होतं. ‘भित्री कुठली,’ आई म्हणाली, ‘घरात साप निघाला तेव्हा काठी तिनंच उचलली होती.’ आणि आत्याच्या वडलांची, म्हणजे आईच्या आजोबांची, सहीसुद्धा म्हातारपणी कुणाला लागत नसे. ‘पण मग तू डॉक्टरांना नाही का म्हणालीस?’ आई माझ्याकडे बघत राहिली. ‘त्यांनी आजार विचारला होता. आत्या आजारी कुठे होती? नव्वदी पार करून गेली.’

मी उठून डॉक्टरांना निरोप लिहायला घेतला. त्यांना हे कळणं गरजेचं होतं. हा कंप ज्या घरांत पिढीजात असतो तिथे आई-वडलांपैकी एकाला असला तर मुलात येण्याची शक्यता निम्मी असते, आणि निदान करताना या माहितीला वजन असतं. आधीचं उत्तर चुकीचं होतं, भाषांतर करताना माझ्याकडून राहून गेलं, असं लिहिलं. पुढचं वाक्य इंग्रजीत लिहायचं तर एकच होतं. इट रन्स इन द फॅमिली. लिहिलं. त्या ‘रन्स’कडे बघताना मला आता पाय दिसत नव्हते. दाराआड उभी असलेली एक बाई दिसत होती आणि तिच्याकडे चालत गेलेले माझ्या आईचे हात.

‘काय लिहिलंस?’ आईनं विचारलं. मी मराठीत सांगितलं, हात आत्यावर गेलेत, असं कळवलंय.

‘नाव लिहिलंस का तिचं?’

‘नाव कशाला लागतं गं त्यांना?’

‘लिही,’ ती म्हणाली आणि अभ्रा पुन्हा स्वतःकडे ओढून घेतला. मी पुन्हा मोबाइल उघडला आणि नाव लिहिलं.